ऐंशी हजार वर्षांचा गोटा

एका जंगलात, बाळांनो, रस्ता अजून पोचला नव्हता, पण सरकारी खाती मात्र सगळी पोचली होती. पाणवठा खातं होतं. सावली खातं होतं. आणि आपण नेमकं काय करतो हे ज्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, असंही एक खातं होतं. तिथं गर्दी सगळ्यात जास्त.

त्या जंगलात धुरपदा नावाची एक माकडीण राहायची. तिचा धंदा चारोळी फोडायचा.

तुम्ही म्हणाल, त्यात कसला आलाय धंदा? तुम्ही चारोळी बघता ती बासुंदीवर तरंगताना. तिथवर येईतो तिच्यावर काय काय गुदरलेलं असतं, ते तुम्हाला कोण सांगणार! चाराच्या झाडाला चैत्र-वैशाखात काळी, इवलीशी फळं लागतात. फळाचा गर खाल्ला की आत बी. बी वरून दगडासारखी टणक, आणि तिच्या पोटात मऊ चारोळी. घाव हलका पडला तर बी हसून दाखवते. घाव जोराचा पडला तर चारोळीचं पीठ. सगळा धंदा काय तो या दोहोंच्या मधे.

आणि मधे होता धुरपदाचा गोटा.

मुठीत मावेल एवढा काळा दगड. एका अंगाला एक खळगा. तो खळगा बीवर झाकणासारखा बसायचा, आणि वरून एकच ठोका दिला की टरफल दोन्हीकडं नि चारोळी मधे, अखंड. हा गोटा धुरपदाच्या आजीनं ओढ्यातून आणला तेव्हा दोन्ही अंगांनी सपाट होता. आजीनं जन्मभर ठोकलं, मग आईनं जन्मभर ठोकलं, आणि आता धुरपदा ठोकत होती. खळगा तिघींनी मिळून पाडलेला. असली वस्तू बाजारात मिळत नाही, बाळांनो. बाजारात फार तर सपाट गोटा मिळतो.

त्या वर्षी मुंगूसवहिनीच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. लग्न पंधरा दिवसांवर, जेवणात बासुंदी, आणि पायलीभर चारोळी हवी. मुंगूसवहिनी टोपली घेऊन आली ती धापा टाकतच.

"अख्खी हवी हं, धुरपदाबाई. विहीणबाईंनी निरोप धाडलाय. वाटीत एक जरी तुकडा दिसला, तरी वऱ्हाड पानावरून उठेल म्हणून."

"अहो वहिनी, तुकडा दिसला तर आधी मीच उठेन," धुरपदा म्हणाली. "तुम्ही निवांत जा. मुलीला हळद लावा."

मुंगूसवहिनी निवांत गेली. इथवर सगळं ठीक होतं.

आता जरा राजाकडं वळू. राजा म्हणजे वाघोबा. त्याच्या दीडएक महिना आधी वाघोबा महाराज नदीपलीकडच्या जंगलात जेवायला गेले होते. तिथले राजे बिबटेमहाराज. जेवण झाल्यावर बिबटेमहाराजांनी त्यांना एका गुहेत नेलं आणि एक दगडी कुऱ्हाड दाखवली.

"पन्नास हजार वर्षांची आहे," बिबटेमहाराज मिशीवरून पंजा फिरवत म्हणाले. "तुमच्याकडं काय आहे?"

वाघोबा गडबडले. "आमच्याकडं... आमच्याकडं आम्ही आहोत."

"आपलं वय?"

"नऊ."

बिबटेमहाराजांनी फक्त विडा पुढं केला. तेच जास्त लागलं.

वाघोबा घरी आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राचीन वस्तू खातं काढलं. खात्याचे प्रमुख म्हणून साळिंदरशास्त्री नेमले. ज्याच्या अंगावर दीडशे लेखण्या उभ्या आहेत तो विद्वानच असणार, असा महाराजांचा हिशेब. उकरायच्या कामावर रानडुक्कर नेमला. तो आधीपासूनच जमीन उकरत होता, आता त्याला हुद्दा मिळाला आणि सगळे त्याला रावसाहेब म्हणू लागले. काम तेच. कंद सापडला तर पोटात, दगड सापडला तर खात्यात.

आणि फर्मान निघालं : जमिनीत सापडेल ते सरकारचं.

एके सकाळी धुरपदा बिया धुवायला ओढ्यावर गेली. गोटा तिनं रोजच्यासारखा खडकावर ठेवला होता. तेवढ्यात रावसाहेब कंदाच्या वासावर तिथं आले. त्यांनी खडकाच्या कडेनं असं काही उकरलं, की मातीचा ढीग खडकावर चढला आणि गोटा त्याखाली गेला. मग रावसाहेब दमले. जरा पडले. उठले, तेव्हा आपण कुठं उकरलं होतं हे विसरले आणि त्यांनी तोच ढीग पुन्हा उकरला.

"सापडला!" रावसाहेब ओरडले. "एक हात मातीखाली!"

धुरपदा परत आली, तेव्हा साळिंदरशास्त्री आपलाच एक काटा उपसून त्यानं गोट्यावरची माती झाडत होते.

"अहो शास्त्रीबुवा, तो माझा गोटा आहे."

"बाई," शास्त्री मान वर न करता म्हणाले, "हा तुमचा-माझा नाही. हा आपल्या सगळ्यांच्या पूर्वजांचा आहे."

"पूर्वज म्हणजे माझी आईच की! दोन वर्षं झाली जाऊन. तिच्याच हातचा आहे."

"हा खळगा बघता?" शास्त्रींनी काट्याचं टोक खळग्यात घातलं. काट्यावर बारीक खुणा होत्या. "दगड किती झिजला त्यावरून दगडाचं वय निघतं. वाऱ्यानं आणि पाण्यानं दगड केसभर झिजायला दोनशे वर्षं जातात. इथं चारशे केस झीज आहे. म्हणजे ऐंशी हजार वर्षं. तुमच्या मातोश्री किती वर्षांच्या होत्या?"

"बावीस."

"मग झालं तर."

काम केल्यानंही दगड झिजतो, हे शास्त्रींच्या विद्येत बसत नव्हतं. त्यांना दोष देऊ नका, बाळांनो. त्यांच्या घराण्यात कुणी काम करताना त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"बरं, तो कशासाठी असेल, हे तरी ठाऊक आहे का तुम्हाला?" धुरपदानं विचारलं.

"उपयोग अज्ञात आहे."

"अज्ञात कसा? चाराची बी फोडायला आहे!"

"पुरावा?"

धुरपदानं आपला तळहात पुढं केला. तिथं बरोब्बर गोट्याच्या पाठीएवढा घट्टा पडलेला होता.

शास्त्रींनी तो नीट पाहिला. "तळहात हा पुरावा होत नाही," ते म्हणाले. "तळहात पुष्कळांना असतात."

गोटा गेला. गुहेत एका चौथऱ्यावर त्याची मांडणी झाली. पुढं कोळ्याकडून जाळं विणून घेतलं, म्हणजे वस्तू दिसावी पण हात लागू नये. खाली पाटी लागली : 'पूजेचे उपकरण. वय ऐंशी हजार वर्षे. बाकी अज्ञात.' उपयोग कळला नाही की ती वस्तू पूजेची, असा खात्याचा शिरस्ता होता.

धुरपदा हातपाय गाळून बसणाऱ्यांतली नव्हती. ती ओढ्यावर गेली आणि तिनं सात गोटे निवडून आणले. पहिल्यानं बी निसटून झाडावर गेली. दुसऱ्यानं बोट चेचलं. तिसऱ्यानं चारोळी फुटली, पण अशी फुटली की ती शोधावी लागली. संध्याकाळी मुंगूसवहिनी बघायला आली आणि तिनं टोपलीत हात घातला.

"हे काय हो? रवा?"

"चारोळी आहे."

"धुरपदाबाई, मी बासुंदी म्हटलं होतं, शिरा नाही!" मुंगूसवहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता वऱ्हाड उठणार. माझी पोर मांडवात एकटी उभी राहणार. शेजारच्या घुशी खिडकीतून बघणार."

"उठणार नाही वऱ्हाड. मी गोटा आणते."

"तो तर सरकारचा झाला म्हणे!"

"माझा होता नि माझाच आहे," धुरपदा ताडकन म्हणाली. "मी तसं सांगणार महाराजांना."

आणि तिनं सांगितलं. दरबारात उभी राहून, आजीपासून सगळं. वाघोबांनी ऐकून घेतलं. वाघोबा तसे वाईट नव्हते, पोट भरलेलं असलं म्हणजे.

"धुरपदाबाई, तुम्ही खोटं बोलत नाही हे दिसतंय," ते म्हणाले. "पण तुमचं खरं मानलं तर गोटा तीस-चाळीस वर्षांचा ठरतो. मग पाहुण्यांना मी काय दाखवू? आठ दिवसांत बिबटेमहाराज इथं येतायत. पुन्हा स्वतःलाच दाखवू?"

धुरपदा दरबारातून निघाली. परत जाताना ती गुहेत डोकावली. तिथं हीऽ गर्दी! जो तो आपल्याच अंगणातून उकरून नेलेली वस्तू बघायला आलेला. सशाच्या पाठ खाजवायच्या शिंगाखाली पाटी होती : 'राजदंड.' कासवाच्या आजीच्या माठावरचं झाकण 'चंद्रबिंब' झालं होतं.

"काय हो ससेभाऊ," धुरपदा म्हणाली, "तुमचं ते पाठ खाजवायचं ना?"

"हळू बोला!" ससा इकडंतिकडं बघत म्हणाला. "आमच्या घराण्यात राजदंड होता, हे आम्हालासुद्धा परवाच कळलं." आणि तो गुहेच्या भिंतीला पाठ घासू लागला.

धुरपदाच्या ध्यानात आलं, की इथं आपल्यामागं कुणी उभं राहणार नाही. ती आपल्या खडकावर जाऊन बसली. रिकाम्या हातानं बसायची तिला सवय नव्हती. हात रिकामे, म्हणून डोकं चालू लागलं. आणि तिला आजीची एक गोष्ट आठवली.

आजीकडं एकदा एक अस्वल आलं होतं. टोपलीत चारोळीचा ढीग. अस्वल म्हणालं, "मसूर कसे दिले?" आजी म्हणाली, "मसूर नाहीत, चारोळी आहे." अस्वल म्हणालं, "मला शिकवतेस? मी डोंगरापलीकडं जाऊन आलोय. हे मसूर आहेत." आजी आणखी एक शब्द बोलली असती तर गिऱ्हाईक गेलं असतं, कदाचित आजीही गेली असती. आजी म्हणाली, "अगदी बरोबर. पण हे उंची मसूर आहेत. शिजवायचे नाहीत, दुधात घालायचे." अस्वल दोन माप जास्तीचं घेऊन गेलं, मोबदल्यात मधाचं आख्खं पोळं देऊन. आणि पुढं कायम आजीकडंच येत राहिलं, मसूर घ्यायला.

आजी म्हणायची, गिऱ्हाइकाची चूक दुरुस्त करू नये. तिच्यात आपला माल कुठं बसतो ते बघावं.

दुसऱ्या दिवशी धुरपदा शास्त्रींकडं गेली. हात जोडून.

"शास्त्रीबुवा, चुकलंच माझं. गोटा ऐंशी हजार वर्षांचाच आहे."

शास्त्रींचे काटे, जे तिला बघून उभे राहिले होते, ते हळूहळू खाली बसले. "कळलं ना? छान. अज्ञान मान्य करणं ही पहिली पायरी."

"आणि पूजेचाच आहे. तुम्ही पाटीवर लिहिलंयत ते वाचलं आणि मला घामच फुटला."

"का बरं?"

"अहो, पूजेचं उपकरण, आणि पूजा कुठं होतेय? चार दिवस झाले, देव तसाच पारोसा. आमच्या जातीत या असल्या पूजेची रीत आहे. रोज त्याला बिया वाहायच्या. त्याच्याच खाली ठेवायच्या, आणि वरून एकेक ठोका द्यायचा. खंड पडला तर पहिला कोप विद्वानांवर होतो म्हणतात."

"म्हणतात?" शास्त्रींनी विचारलं.

"आता तुम्ही विद्वान आहात की नाही, ते मी कोण ठरवणार?"

हा प्रश्न शास्त्रींना अडचणीचा होता. नाही म्हणावं तर हुद्दा जातो, हो म्हणावं तर कोप होतो. त्यांनी एक काटा उपसला, चावला, आणि हुकूम लिहिला : रोज दुपारी दोन तास पूजा. पुजारीण धुरपदाबाई.

त्या दुपारपासून गुहेत पूजा सुरू झाली. कोळी जाळं सोडायचा, धुरपदा चौथऱ्यावर बसायची, गोटा हातात घ्यायची आणि टक्, टक्, टक्. बाहेर रांग लागायची. हरणं डोळे मिटून उभी राहायची. हेच काम धुरपदा इतकी वर्षं उघड्यावर करत होती, तेव्हा त्यांतल्या एकानंही मान वळवून पाहिलं नव्हतं. आता प्रत्येक ठोक्याला कुणीतरी "वाऽ" म्हणायचं. फक्त कोळी तेवढा कुरकुरायचा. "बाई, रोज सोडा, रोज विणा. एकदाचं काय ते ठरवा," म्हणायचा.

पहिल्या दिवशी दोन ओंजळी चारोळी निघाली. सगळी अख्खी. धुरपदानं ती टोपलीत भरली आणि उठली.

"कुठं निघालात?" शास्त्रींनी अडवलं. "ते निर्माल्य आहे."

"म्हणजे?"

"देवाला वाहिलेलं घरी न्यायचं नसतं. ओढ्यात सोडायचं."

धुरपदानं टोपली खाली ठेवली. पूजा तिनंच सांगितली होती. दोन ओंजळी चारोळी रावसाहेबांनी ओढ्यात सोडली.

तिनं मुंगूसवहिनीला गाठलं. "वहिनी, उद्या दुपारी ओढ्यात खालच्या अंगाला उभ्या राहा. ओढणी धरून."

मुंगूसवहिनी उभी राहिली. तीन दिवस गुडघाभर पाण्यात. निम्मी चारोळी माशांनी खाल्ली. उरलेली हाती लागली, पण भिजलेली. वाळवली, तर वास येऊ लागला.

"हे विहीणबाईंच्या नाकाला कळेल," मुंगूसवहिनी शिंकत म्हणाली. "त्यांचं नाक कोल्हीणबाईंच्याही पुढं आहे. आणि मला सर्दी झालीय ती वेगळीच. धुरपदाबाई, काहीतरी करा हो. सातच दिवस उरले."

धुरपदाला अर्धा गोटा मिळाला होता. पण अर्ध्या गोट्यानं लग्न होत नाही.

पाचव्या दिवशी मात्र एक गंमत झाली. पाहुणे येणार म्हणून शास्त्रींनी गोट्याचं वय पुन्हा एकदा मोजलं. मोजलं आणि त्यांचे दीडशेच्या दीडशे काटे उभे राहिले. त्यांनी पुन्हा मोजलं. धुरपदा पूजा आटपून हात पुसत होती.

"काय झालं, शास्त्रीबुवा?"

"काही नाही." मग त्यांना राहवेना. "ऐंशी हजार पंचेचाळीस."

"म्हणजे?"

"पूजेला बसवला तेव्हा ऐंशी हजार होतं. आज ऐंशी हजार पंचेचाळीस आहे. पाच दिवसांत पंचेचाळीस वर्षांनी म्हातारा झाला." शास्त्रींनी काटा पुन्हा खळग्यात घातला. "माझं माप चुकणं शक्य नाही."

धुरपदानं गोट्याकडं पाहिलं. शास्त्रींकडं पाहिलं. महिन्याभरापूर्वीची धुरपदा असती तर म्हणाली असती, अहो, ठोकल्यानं झिजतो तो.

"तुमचं माप कसं चुकेल?" ती म्हणाली. "पूजेनं होतंय ते. देवाचं तेज वाढतं, तसं वयही वाढत असेल."

शास्त्रींनी कपाळावरचा घाम पुसला. "तरीच," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बिबटेमहाराज आले. लग्नाला पाच दिवस उरले होते. वाघोबांनी पाहुण्यांना मानानं गुहेत नेलं, पाटीपुढं उभं केलं आणि जे वाक्य म्हणायची दोन महिने वाट पाहिली होती, ते म्हटलं :

"ऐंशी हजार वर्षांचा आहे. वर पंचेचाळीस."

बिबटेमहाराजांनी मान डोलावली. "छान आहे. लहान आहे, पण छान आहे." मग मिशीवरून पंजा फिरवला. "आमच्या कुऱ्हाडीचं वय आमच्या शास्त्र्यांनी परवा नव्यानं काढलं. ते पन्नास हजार कच्चं होतं. पक्कं एक्क्याऐंशी हजार आलं. पुढच्या पौर्णिमेला तुम्ही या ना बघायला. तोवर ह्याचंही काही नवं निघालं तर आनंदच आहे."

एवढं बोलून पाहुणे जेवायला गेले. वाघोबा गुहेतच उभे राहिले. त्यांच्या शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. ते हललं की दरबारी मंडळी आपापली कामं काढून निघून जात.

"शास्त्री," वाघोबा हळू आवाजात म्हणाले. "साडेनऊशे वर्षं कमी पडली."

"नऊशे पंचावन्न, महाराज," शास्त्री म्हणाले, आणि आपण हे का बोललो असं त्यांना झालं. "पण गोटा वाढतोय! पूजेनं रोज नऊ वर्षांनी वाढतोय. साडेतीन महिन्यांत आपण त्यांना गाठू."

"पौर्णिमा तीन आठवड्यांवर आहे. साडेतीन महिने मी त्यांचा विडा खात बसू?"

चौथऱ्यावर धुरपदा बिया गोळा करत होती. ती मान खाली घालूनच बोलली.

"महाराज, दोन तासांत नऊ वर्षं. बारा तास पूजा झाली तर किती?"

वाघोबांनी शास्त्रींकडं पाहिलं. शास्त्रींनी बोटं मोजली. "चोपन्न. रोज चोपन्न. म्हणजे..." त्यांनी पुन्हा बोटं मोजली. "अठरा दिवस!"

"मग करा बारा तास!" वाघोबा गरजले.

"करते की," धुरपदा म्हणाली. "पण इथं कसं जमायचं? गुहेत ऊन यायला सकाळ टळते. कोळीबुवांना जाळं सोडायला वेळ लागतो, विणायला वेळ लागतो. दर्शनाला हरणं येतात ती सरकत नाहीत. इथं चार तासांच्या वर पूजा होणार नाही. उघड्यावर, उन्हात, खडकावर असता तर गोष्ट वेगळी. तांबडं फुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत नुसता म्हातारा होत राहिला असता."

"असा खडक आहे कुठं?"

धुरपदा विचारात पडल्यासारखी झाली. "आमच्या दारात एक आहे. बरा आहे तसा."

शास्त्री पुढं आले. "महाराज! संग्रहातली वस्तू पुजाऱ्याच्या घरी? नियमात..."

"शास्त्री," वाघोबा म्हणाले, "तुमच्या नियमानं मी अजून नऊशे पंचावन्न वर्षं मागं आहे."

शास्त्री मागं सरले.

"आणि महाराज, निर्माल्याचं," धुरपदा नम्रपणे म्हणाली. "दोन तासांचं ओढ्यात सोडत होतो ते ठीक. बारा तासांचं सोडलं तर ओढा तुंबेल. पाणवठा खात्याची तक्रार येईल. त्याची विल्हेवाट मी घरच्या घरी लावली तर चालेल?"

"काय वाटेल ते करा! मला वर्षं हवीत."

त्याच दुपारी गोटा निघाला. सरकारी वस्तूला उघडा हात लागायचा नाही, म्हणून सावरीच्या कापसाची गादी केली, तीवर गोटा, आणि गादी रावसाहेबांच्या पाठीवर. पुढं शास्त्री पाटी धरून. वाटेत हरणांनी नमस्कार केले. सशानं जमिनीला डोकं टेकलं. सगळ्यांच्या मागून धुरपदा चालत होती, सोहळ्याला बोलावलेल्या लांबच्या पाहुणीसारखी.

खडकावर गोटा उतरला. शास्त्रींनी झाडाला पाटी टांगली, दर आठवड्याला वय मोजायला येईन असं बजावलं आणि ते गेले. रावसाहेब पहाऱ्याला राहिले. त्यांनी पडल्या पडल्या पहारा सुरू केला.

धुरपदानं हात धुतले, बी ठेवली, गोटा उचलला. टक्.

पायलीभर चारोळी चौथ्या दिवशी उन्हं उतरायच्या आत पुरी झाली. मुंगूसवहिनीनं टोपलीत दोन्ही हात घातले, चारोळी ओंजळीत घेऊन उन्हाकडं धरली, आणि धुरपदाच्या गळ्यात पडली. लग्न झालं. विहीणबाई पानावर बसल्या त्या तिसरी वाटी मागूनच उठल्या. पौर्णिमेला वाघोबा महाराज नदीपलीकडं गेले, ते एक्क्याऐंशी हजार सव्वाशे वर्षं घेऊन. तिथं कळलं, की कुऱ्हाड आता एक्क्याऐंशी हजार पाचशेची झालीय. ते आले आणि त्यांनी पूजा बेमुदत चालू ठेवायचा हुकूम काढला.

एके दिवशी रावसाहेब पहाऱ्यावरून जागे झाले. धुरपदा ठोकत होती. खडकाच्या कडेची, आपणच उकरलेली माती त्यांनी हुंगली. त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. ते जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले :

"धुरपदाबाई, आता इथं कुणी नाही. खरं सांगा. हा तुमचाच ना हो?"

धुरपदाचा हात वरच्या वर थांबला. तिनं रावसाहेबांकडं पाहिलं. झाडाला टांगलेल्या पाटीकडं पाहिलं. चारशेसाडेचारशे केसांच्या त्या खळग्यावरून तिनं अंगठा फिरवला.

"छे हो, रावसाहेब," ती म्हणाली. "सरकारचा आहे."

आणि तिनं पुढची बी ठेवली.

तात्पर्य : आपली वस्तू परत हवी असेल, तर ती आपली आहे असं कुणाला सांगत बसू नये. ती सरकारची आहे, हे सगळ्यांच्या आधी मान्य करावं, आणि मग सेवेसाठी म्हणून घरी मागून घ्यावी.